अम्मीची देग आणि बटणांचा कुकर

यंदा रमजानच्या आधी आमच्या घरात जवळजवळ तीन आठवडे एका भांड्यावरून वाद चालला होता. मुलांच्या अब्बांना चौदा प्रोग्रॅमवालं भांडं हवं होतं. धाकट्याला मोबाइलवरून चालणारं. थोरलीचं म्हणणं, त्यापेक्षा इंडक्शन घ्या, त्यातही टायमर असतो. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या अम्मीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कुणी काही विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

आता शाळेत स्टाफरूममध्ये दोघी-तिघींनी विचारलं, शेजारच्या वहिनींनी विचारलं, म्हणून लिहून टाकते. माझं मत आधीच सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथंच थांबायला हरकत नाही. ज्या घरात दिवसा-रात्री कुणी ना कुणी माणूस असतं, त्या घरानं प्रोग्रॅमेबल स्लो कुकरच्या मागे लागू नये. साधा, फिरवायच्या खटक्याचा घ्यावा. ज्यांच्या दाराला सकाळी नऊला कुलूप लागतं आणि संध्याकाळी सहाला उघडतं, त्यांनी प्रोग्रॅमेबल घ्यावा, पण एक परीक्षा करूनच. ती परीक्षा पुढे सांगते. दुकानात ती कुणी करू देत नाही, हा भाग वेगळा.

वाद सुरू कशावरून झाला ते सांगायला हवं. गेल्या वर्षी रमजानच्या एका रात्री तरावीहनंतर अम्मीनं सहरीसाठी पाये चढवले. हे तिचं चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं काम. सगळे झोपले की स्वयंपाकघर तिचं. गॅस अगदी बारीक, पातेल्यावर झाकण, झाकणाच्या कडेला कणकेची वात, आणि शेजारी खुर्चीवर हातात तस्बीह घेऊन ती. कानानं स्वयंपाक करणारी बाई आहे. पातेल्यात काय चाललंय ते झाकण न उघडता सांगते. गदगद आवाज आला की आच कमी, आवाज बसला की थोडी वाढव. त्या रात्री तिचा डोळा लागला. पातेलं उतू गेलं, ज्योत विझली, आणि गॅस चालूच राहिला. थोरली अभ्यासाला उठली होती म्हणून तिला वास आला. तिनं दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, अंधारातच रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, मग आम्हाला हाका मारल्या. पोरीला हे शाळेत शिकवलं होतं. विज्ञानाच्या शिक्षकांचे मी दुसऱ्या दिवशी आभार मानले.

कुणाला काही झालं नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण दुसऱ्या दिवसापासून मुलांच्या अब्बांनी फर्मान काढलं की अम्मीनं रात्री गॅस पेटवायचा नाही. अम्मी एवढंच म्हणाली, "हौ, बुढ्ढी को अब पकाना भी नक्को, जागना भी नक्को." त्यानंतर ती बोललीच नाही. सहरीला उठायची, चार घास खायची, जानमाजवर जाऊन बसायची. सालन मी संध्याकाळी प्रेशर कुकरमध्ये करून ठेवायचे आणि पहाटे गरम करायचे. सगळे मुकाट खात होते. चांगलं झालं असंही कुणी म्हणत नव्हतं, वाईट झालं असंही नाही. त्याच्यापेक्षा कुणी नावं ठेवली असती तर बरं.

म्हणजे आम्हाला हवा होता तो कुकर माझा वेळ वाचवायला नव्हता. अम्मीला तिची रात्र परत द्यायला होता. हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला, आणि तोवर आम्ही भलत्याच गोष्टी बघत बसलो होतो.

पैठण गेटजवळच्या एका दुकानात गेलो. स्लो कुकर म्हटल्यावर दुकानदारानं आधी राइस कुकर दाखवला. नाही म्हटल्यावर इलेक्ट्रिक प्रेशर कुकर काढला. त्यावर बिर्याणी, खिचडी, दही, केक, सगळ्याची बटणं होती आणि त्यांत एक ‘स्लो कुक’चंही होतं. "मॅडम, एकात सगळं." आपल्याकडे बाजारात सहज मिळतं ते हेच. इन्स्टंट पॉट आल्यापासून त्या धर्तीची पुष्कळ यंत्रं निघाली. वाईट वस्तू नाही. डाळ, चणे, मटण लवकर शिजवायचं तर उत्तम. पण त्यातलं ‘स्लो कुक’ आणि खरा स्लो कुकर यांत फरक आहे. खऱ्या स्लो कुकरमध्ये जाड चिनी मातीचं भांडं असतं आणि तापणारी तार त्या भांड्याच्या भोवती, बाजूंनी, गुंडाळलेली असते. उष्णता चहूबाजूंनी हळूहळू चढते. इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये स्टीलचं पातळ भांडं आणि आच फक्त खालून. त्यामुळे पुष्कळदा खाली लागतं आणि वर कोमट राहतं. अम्मीच्या भाषेत सांगायचं तर पहिली देग निखाऱ्यात पुरलेली, दुसरी स्टोव्हवर ठेवलेली.

खरं तर ही युक्ती आपल्या आज्यांना ठाऊक होती. मराठवाड्यातल्या जुन्या घरात चुलीला शेजारी वैल असायचा. भाकरी मुख्य चुलीवर, आणि कालवण वैलावर तासन्‌तास नुसतं गरम राहायचं. स्लो कुकरच्या खटक्यावर ‘वॉर्म’ म्हणून जी खूण असते ती म्हणजे आपला वैल. आणि दम म्हणजे दुसरं काय? आमच्या शहराचा नान-खलिया मुहम्मद तुघलकाच्या लष्कराबरोबर दिल्लीहून दौलताबादेला आला असं सांगतात. ते खरं असो वा दंतकथा, पण शेकडो माणसांचा खलिया मोठ्या देगेत मंद आचेवर रटरटत ठेवायचा, ही रीत अजून इथल्या लग्नांत आणि दावतींत चालू आहे. देग हलत नाही, बावर्ची हलतो.

स्लो कुकरचा जन्म कसा झाला ते मी वाचलं तेव्हा मात्र मला फार गंमत वाटली. ते यंत्र अमेरिकेत शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन नावाच्या यहुदी संशोधकानं केलं. त्याच्या आईनं त्याला लिथुआनियातल्या आपल्या आईची गोष्ट सांगितली होती. शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, विस्तव पेटवायचा नाही. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मांस, घेवडा आणि बटाट्याचं भांडं गावातल्या बेकरीत नेऊन ठेवायचं. बेकरीची भट्टी रात्रभर निवत जायची आणि तेवढ्या उबेवर ते शिजायचं. नॅक्सननं ती निवणारी भट्टी विजेच्या भांड्यात बसवली. 1940 साली त्याला पेटंट मिळालं. पुढे 1970 मध्ये रायव्हल नावाच्या कंपनीनं त्याची कंपनी घेतली आणि 1971 मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावानं तेच भांडं नोकरी करणाऱ्या बायकांना विकलं. सकाळी भरून जा, संध्याकाळी जेवा. म्हणजे मूळ भांडं इबादतीच्या वेळेसाठी होतं, नोकरीच्या वेळेला ते नंतर जुळलं. आपल्या कोकणातले बेने इस्रायलही शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. मी ही गोष्ट अम्मीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "तो फिर ये डब्बा सहरी के वास्तेच बनाए की." मी म्हटलं, जवळपास तसंच.

आता प्रोग्रॅमेबल म्हणजे काय ते बघू. साध्या स्लो कुकरला एक खटका असतो: बंद, लो, हाय, वॉर्म. लो आणि हाय यांत लोकांची समजूत अशी असते की एक कमी तापतो आणि दुसरा जास्त. पण दोन्ही शेवटी उकळीच्या आसपासच पोचतात, फरक पोचायला लागणाऱ्या वेळाचा. मटणाची नळी किंवा पाये लोवर आठ-दहा तास घेतात, हायवर त्याच्या निम्म्याच्या आसपास. प्रोग्रॅमेबलमध्ये तुम्ही आठ तास असं भरता, आठ तास झाले की ते आपोआप वॉर्मवर येतं. उपयोगाची गोष्ट आहे, नाही कोण म्हणतं? काहींमध्ये उशिरा सुरू करायचीही सोय असते, म्हणजे मटण आता भरा आणि चार तासांनी आच लागू दे. ही सोय मी फुकट दिली तरी वापरणार नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कच्चं मटण चार तास भांड्यात ठेवायचं म्हणजे आजाराला बोलावणं. पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या मध्ये जंतू झपाट्यानं वाढतात. अन्न बाहेर ठेवायचं तर दोन तासांच्या वर नको, आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा नियम आहे. आपल्याकडे मार्च ते जून बत्तीस अंश सकाळी नाश्त्यालाच होतात.

पण खरी अडचण निराळी आहे, आणि जाहिरातीत ती कुठंच नसते. लाइट.

बजाजनगर ही कामगारांची वस्ती. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागोमाग बाकीचे आले, आणि ही घरं, चाळी, रो-हाउस उभी राहिली. कारखान्यांसाठी वीज लागते म्हणून आमच्याकडे अंधार नसतो असं बाहेरच्यांना वाटतं. घराघरांत मात्र पावसाची पहिली सर आली, वारा सुटला, की दिवे डोळे मिचकावतात. कधी अर्ध्या मिनिटासाठी जातात, कधी दोन तासांसाठी. अर्ध्या मिनिटानं पंख्याचं काही बिघडत नाही. पण बटणांच्या कुकरचं बिघडतं. बहुतेक डिजिटल स्लो कुकर वीज गेली की सगळं विसरतात. वीज परत आल्यावर पडद्यावर नुसते शून्य किंवा आडव्या रेघा लुकलुकतात आणि भांडं थंड होत राहतं. खटक्याच्या कुकरला आठवणच नसते, त्यामुळे विसरायचा प्रश्न नाही. खटका लोवर आहे, वीज आली, पुन्हा तापायला लागला.

विसरणाऱ्या अम्मीसाठी आम्ही विसरणारं यंत्र आणणार होतो.

म्हणून ती परीक्षा. कुठलाही प्रोग्रॅमेबल कुकर घेण्यापूर्वी तो सुरू करायला सांगा, आठ तास भरा, मग प्लग काढा. मनात वीस मोजा. प्लग परत लावा. जर तो पुन्हा आपलं आपण शिजवायला लागला तर घ्या. काही मॉडेलांत थोड्या वेळापुरती आठवण ठेवायची सोय असते. जर शून्यं लुकलुकली तर ते यंत्र आपल्या गल्लीतल्या विजेसाठी बनलेलं नाही. दुकानदारानं मला म्हटलं, "मॅडम, असं कुणी चेक करत नाही." तीस वर्षं वहीत खाडाखोड तपासणाऱ्या माझ्या गुरूंची मी विद्यार्थिनी, मी केलं. शून्यं लुकलुकली. ऑनलाइन मागवणार असाल तर वीज गेल्यावर काय होतं हे माहितीपुस्तिकेत शोधा, आणि आल्यावर घरी पहिली हीच परीक्षा घ्या. परत करायची मुदत असते तोवर.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या बाबतीत बटणांच्या कुकरची एक बाजू आहे. ती लुकलुकणारी शून्यं निदान सांगतात की वीज गेली होती. खटक्याचा कुकर काही सांगत नाही. घरात कुणी नसताना दुपारी तीन तास वीज गेली आणि पुन्हा आली, तर संध्याकाळी तुम्हाला भांडं गरम मिळेल, सालन शिजलेलं दिसेल, आणि मधल्या तीन तासांत त्यात काय वाढलं ते कळणार नाही. पुन्हा उकळून घेऊ म्हणाल तर काही जंतूंचं विष उकळीला दाद देत नाही. अशा वेळी टाकून द्यायचं असतं. आणि सव्वा किलो मटण टाकून देणं आमच्या घरात काय, कुठल्याच घरात सोपं नाही. म्हणूनच म्हटलं, कुलूपबंद घरानं खटक्याचा घेऊ नये. घेतलाच तर शेजारी एखादं जुनं डिजिटल घड्याळ प्लगमध्ये लावून ठेवावं, ज्यात बॅटरी नाही असं. ते लुकलुकलं की समजायचं. घरात माणूस असेल तर मात्र प्रश्नच नाही. वीज गेली की कळतं, अर्धवट शिजलेलं असेल तर उचलून गॅसवर पातेल्यात ओतायचं आणि पुरं करायचं.

थोरलीच्या इंडक्शनचंही सांगते. टायमर आहे, खरं. पण वीज गेली की तेही विसरतं, आणि मंद आचेवर ठेवलं की ते एकसारखं मंद तापत नाही, थांबून थांबून तापतं. शिवाय काचेवर बोट ठेवायचं, खटक्याचा आवाज नाही, बोटाला काही कळत नाही. अम्मीच्या बोटांची टोकं आता कोरडी झालीत, टच स्क्रीन तिचं बोट ओळखतच नाही. मोबाइलचंही तिचं तेच भांडण आहे. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणाऱ्या शेगड्याही मिळतात, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर पुढची शेगडी तीच घ्यावी असं माझं मत झालंय. मुलांच्या अब्बांना ते पटलं आहे, पैशांचं बघू म्हणालेत.

धाकट्याच्या मोबाइलवरच्या कुकरबद्दल मी फक्त एवढंच विचारलं की कांदा कोण कापणार. तो हसला. हसण्यासारखं नव्हतं. सकाळी भरा आणि संध्याकाळी जेवा, या वाक्यात ‘भरा’ या क्रियापदाचा कर्ता कुणी लिहीत नाही. मी मराठी शिकवते, मला कर्ता शोधायची सवय आहे. स्लो कुकर कांदा तळत नाही. त्यात कच्चा कांदा आणि कच्चा मसाला घातला तर आठ तासांनी उकडलेला कांदा आणि कच्चा मसालाच मिळतो, फक्त जास्त मऊ. खलियाला जी तर्री येते ती भुनाईतून. तेलात कांदा लाल, आलं-लसूण, खोबरं-खसखशीचं वाटण, धणे, मटण त्यात परतून तेल सुटेपर्यंत. हे सगळं गॅसवर, उभं राहून, पाऊण तास. त्यानंतर कुकरचं काम सुरू होतं. ज्या बाईला सकाळी साडेनवाला घर सोडायचंय तिला हा पाऊण तास कुठून येणार, हे कुठल्याही प्रोग्रॅममध्ये नाही. आमच्याकडे आता रात्री भुनाई होते, आणि कांदा धाकटा कापतो. मोबाइलशिवाय.

बाकी पाण्याचं लक्षात ठेवा. स्लो कुकरमधून वाफ फारशी जात नाही, म्हणून पातेल्यात घालता त्याच्या निम्मंच पाणी घाला, नाहीतर खलियाचा शोरबा नळाच्या पाण्यासारखा. दही शेवटच्या अर्ध्या तासात, फेटून, आधी घातलं तर फाटतं. बटाटे तळाशी आणि कडेला, ते मटणापेक्षा उशिरा शिजतात, हे मला खरं वाटत नव्हतं. भांडं निम्म्यापेक्षा रिकामं ठेवू नका आणि पाऊण भागाच्या वर भरू नका. आम्ही सात माणसं, पाहुणे धरून नऊ, म्हणून सहा लिटरचं घेतलं. चौघांच्या घराला साडेतीन-चार लिटर पुष्कळ. मोठं भांडं घेऊन त्यात अर्धा किलो मटण टाकलं तर ते कडेला सुकतं. झाकण पुन्हा पुन्हा उघडू नका, एकदा उघडलं की गेलेली ऊब भरून यायला वीस-तीस मिनिटं जातात. फ्रिजमधलं गार मातीचं भांडं तापलेल्या कुकरमध्ये ठेवू नका, तडकतं.

राजम्याबद्दल जरा जोरात सांगते. लाल राजमा भिजवून थेट स्लो कुकरमध्ये घालायचा नाही. त्यात एक विषारी घटक असतो, तो नुसत्या मंद उबेनं मरत नाही, उलट अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त त्रास देऊ शकतो. उलट्या, जुलाब, सगळं घर आडवं. रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, ताज्या पाण्यात गॅसवर निदान दहा मिनिटं, मी तर अर्धा तास म्हणेन, खळखळून उकळा, मगच कुकरमध्ये. तूरडाळीसाठी तर स्लो कुकर लावूच नका. प्रेशर कुकरच्या तीन शिट्ट्यांचं काम सहा तास कशाला करायचं? हलीमही यात पुरतं होत नाही. गहू आणि मटण छान गळतं, पण हलीम घोटावा लागतो, आणि घोटायला हात लागतात. ते काम आमच्याकडे मुलांच्या अब्बांचं, आणि ते त्याची आठवण वर्षभर करून देतात.

दोन शब्द परदेशातून आणणाऱ्यांसाठी. आमच्या एका नातेवाइकांनी अमेरिकेहून मोठ्या हौसेनं स्लो कुकर आणला. तिकडची वीज एकशे वीस व्होल्टची, आपली दोनशे तीस. दोन मिनिटांत वास आला आणि संपलं. तिकडून आणायचाच तर मागची पट्टी वाचा, त्यावर 220-240 लिहिलेलं हवं. आखातातून आणलेला व्होल्टेजला चालतो, पण त्याच्या चपट्या तीन दांड्यांच्या प्लगला आपल्याकडे अडॅप्टर लागतो, आणि आठ तास चालणारी वस्तू डुगडुगत्या अडॅप्टरवर मी लावणार नाही. पिन बदलून घ्या. विजेचं म्हणाल तर सहा लिटरचा कुकर सुमारे दोनशे ते अडीचशे वॅटचा असतो. आठ तासांना दीड ते दोन युनिट. आपल्या बिलावरच्या वरच्या स्लॅबच्या दरानं गुणून बघा. फार बचत होते असं मी म्हणणार नाही, फार खर्चही नाही.

प्रोग्रॅमेबलची बाजू मी घेते ती आमच्या गल्लीतल्या शिफ्टवाल्या घरांसाठी. नवरा दुसऱ्या शिफ्टहून मध्यरात्री येतो, बायको तोवर जागी, ताट वाढायला. अशी किती घरं आहेत बजाजनगरात! तिथं वेळ संपल्यावर आपोआप वॉर्मवर येणारा कुकर असेल, सालन साठ अंशांच्या वर गरम राहत असेल, तर ती बाई झोपू शकते आणि तो माणूस स्वतःच्या हातानं वाढून घेऊ शकतो. वाढून घेणं कुठल्या शिफ्टला अवघड नाही. फक्त वॉर्मवर गार सालन गरम करायला ठेवू नका, तो वैल आहे, चूल नाही. गार असेल ते आधी गॅसवर उकळायचं.

शेवटी आम्ही खटक्याचा मागवला. आल्यावर मी तो अम्मीसमोर ठेवला आणि पहिल्यांदा तिला विचारलं, चालेल का. तिनं खटका चारदा फिरवला. कट, कट, कट, कट. प्रत्येक घराला आवाज होता. "इसका तो कान है," म्हणाली. मग विचारलं, "लिख्खा क्या है?" लो, हाय, वॉर्म, ऑफ, सगळं इंग्रजी. अम्मी उर्दू वाचते, कुराण शरीफ वाचते, इंग्रजी नाही. थोरलीनं चार चिकटपट्ट्या कापल्या, आणि मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात उर्दूत लिहिलं: बंद, धीमी, तेज, गरम. वीस वर्षं फळ्यावर उर्दू लिहिते, पण इतकं जपून कधी लिहिलं नसेल.

पहिल्या रात्री पाये. नळ्या-पाये बकऱ्याचेच, हे लिहायची आता सवयच झालीय, लोक मांसाचं नाव निघालं की दुसराच प्रश्न विचारतात. भुनाई अम्मीनं केली, मी शेजारी उभी, गॅस बंद केल्याची खात्री दोघींनी केली. दहाच्या सुमारास खटका ‘धीमी’वर. अम्मी खुर्ची ओढून बसली. मी म्हटलं, अम्मी, आता जागायची गरज नाही, हे आपलं आपण होतं. ती म्हणाली, "दुल्हन, मैं इसके वास्ते थोडी जागती."

पहाटे मी उठले तेव्हा तस्बीह चालू होती. पाये असे गळले होते की नळीतून गर आपोआप बाहेर आलेला. मीठ मात्र कमी होतं, पाणी आटलं नाही ना, म्हणून. आणि काचेच्या झाकणाच्या कडेनं तिनं कणकेची वात लावलेली होती. झाकणाला वाफेचं भोक आहे, काही बिघडत नाही, पण गरजही नाही, हे मी तिला आदल्या दिवशी नीट समजावलं होतं. ती हो म्हणाली होती.

कणिक वाळून घट्ट बसली होती. काढायला मलाच लागली, सहरीची वेळ संपायला वीस मिनिटं असताना.